तारेमागची माणसे (लेखांक ६) : चेंबरचे झाकण उघडण्यापूर्वी

२९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी दिल्लीतल्या रोहिणी भागात टेलिफोनच्या तारांच्या कामासाठी तीन कंत्राटी कामगार मॅनहोलमध्ये उतरले. काम एमटीएनएलच्या तारांचे होते, माणसे खासगी कंत्राटदाराची. ती आत अडकल्यावर एक रिक्षाचालक त्यांना वाचवायला खाली गेला. चौघांपैकी कोणीच जिवंत वर आले नाही. ‘गटारातले बळी’ म्हणून ही बातमी लोकांच्या लक्षात राहिली. त्यातले तिघे टेलिफोनच्या कामावर होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

फायबर रस्त्याखालून आणि खांबांवरून घरापर्यंत कसे पोचते, ते मागच्या लेखांकात पाहिले. ते ओढणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसाच्या जिवाला कुठे कुठे धोका असतो, ते या आठवड्यात पाहू.

रस्त्याखालच्या टेलिकॉमच्या चेंबरमध्ये मैला नसतो, म्हणून तिथे वायू नसणार, असा समज कामावर सर्रास आढळतो. तो जीवघेणा आहे. ही चेंबरे डक्टने एकमेकांना जोडलेली असतात. शंभर पावलांवर गटार फुटले, गॅसची वाहिनी गळली किंवा पेट्रोल पंपाच्या टाकीतून झिरपले, तर तो वायू डक्टच्या पाइपांतून सरकत कोरड्या, स्वच्छ दिसणाऱ्या चेंबरमध्ये येऊन साठतो. तिथे बाहेरून काही आले नाही तरी साचलेल्या पाण्यात कुजणारा पाला आणि गंजणारे लोखंड आतला ऑक्सिजन संपवत राहतात. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की अमेरिकी सुरक्षा नियमांनुसार ती हवा श्वासासाठी अपुरी ठरते. म्हणजे फरक अवघ्या दीड टक्क्याचा, आणि तो छातीला जाणवत नाही.

नाकाचाही भरवसा नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण शंभराच्या आसपास गेले की काही मिनिटांत घ्राणेंद्रियच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो, ती वेळ सर्वांत वाईट. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, जिथे तारा जोडणारा जॉइंटर वाकून काम करतो. मिथेनला तर स्वतःचा वासच नाही. हवेत तो पाच टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

म्हणून झाकण उघडल्यावर उतरण्याआधी गॅस मीटर दोरीने आत सोडायचा आणि वर, मध्ये व तळाशी हवा मोजायची. त्यालाही क्रम आहे. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, शेवटी विषारी वायू. कारण ज्वलनशील वायू ओळखणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतः चालायला ऑक्सिजन लागतो. तो कमी असेल तर मीटर खोटा दिलासा देतो. त्यानंतर ब्लोअर लावून ताजी हवा आत सोडत राहायची, उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस बांधायचा आणि त्याची दोरी वर तिपाईवरच्या विंचला अडकवायची. वरच्या माणसाने जागा सोडायची नाही आणि खाली उडीही घ्यायची नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने १९८६ मध्येच बजावले होते की, बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. रोहिणीतला रिक्षाचालक अशांपैकीच एक.

आपल्याकडच्या कामगारांच्या टोळीजवळ फायबर जोडणारे, लाखाच्या आसपासचे स्प्लाइसिंग मशीन असते. ते पावसात भिजू नये म्हणून सगळे जिवापाड जपतात. त्याहून कितीतरी स्वस्त गॅस मीटर मात्र क्वचितच दिसतो. मशीन नसेल तर काम होत नाही आणि मीटर नसला तरी काम होऊन जाते, एवढाच या निवडीमागचा हिशेब. तो हिशेब क्रूर आहे. आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी : हे मशीन विजेच्या ठिणगीने काच वितळवून जोडते, त्यामुळे ते चेंबरमध्ये न्यायचेच नाही. केबलचा जादा लूप आत ठेवलेला असतो, तो वर काढून गाडीत किंवा तंबूत जोड करायचा.

आता फायबरकडे वळू. फायबरचा काचेचा तंतू फक्त १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका असतो. क्लीव्हरने तो कापला की उरलेला बारीक, पारदर्शक तुकडा टेबलावर पडतो आणि दिसेनासा होतो. बोटात शिरला तर काढणे कठीण, डोळ्यात गेला तर थेट इजा, आणि त्याच टेबलावर वडापाव खाल्ला तर पोटात. उपाय साधे आहेत : खाली काळी चटई, तुकड्यांसाठी झाकणाची बाटली, सांडलेले उचलायला चिकटपट्टी, डोळ्यांवर चष्मा आणि काम संपल्यावर हात धुणे. रस्त्याकडेला छत्रीखाली बसून जोड करणारा जॉइंटर हे तुकडे बहुधा तिथेच झटकतो. मग ते अनवाणी चालणाऱ्या कोणाच्याही पायात जातात.

तंतूतून वाहणारा प्रकाश १३१०, १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा असतो. माणसाच्या डोळ्याला साधारण ७०० च्या पुढचे दिसत नाही, त्यामुळे ‘लाइट येतोय का’ म्हणून टोकाला डोळा लावण्यात काही अर्थच नाही. घरातल्या जोडणीत या प्रकाशाची शक्ती फार कमी असते. पण केबल टीव्हीच्या ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणारा प्रकाश शंभर मिलिवॉटपर्यंत जाऊ शकतो. तो न दिसल्याने पापणी आपसूक मिटत नाही, आणि चालू तंतू साध्या मायक्रोस्कोपखाली धरला तर धोका कैक पटींनी वाढतो. पॉवर मीटर लावून पाहायचे, दुसरा मार्ग नाही.

खांबावर चढल्यावर भीती विजेची. ‘फायबर म्हणजे काच, तिच्यातून करंट जात नाही’ हे खरे, पण अर्धेच. घराकडे येणाऱ्या बहुतेक ड्रॉप केबलमध्ये ताण पेलण्यासाठी पोलादी तार असते आणि ती वीज उत्तम वाहते. अनेक खांबांवर ११ हजार व्होल्टची लाइन वर आणि घरगुती पुरवठ्याची खाली असते; इंटरनेटवाला त्याच्याही खाली आपली केबल फेकतो. फेकलेली केबल वरच्या लाइनच्या नुसती जवळ गेली तरी झटका बसू शकतो. वीज कंपनीकडून शटडाउन आणि लेखी परमिट घेतल्याशिवाय अशा खांबाला शिडी लावणे म्हणजे जिवाशी खेळ. बंद केलेल्या लाइनवरही एखाद्या दुकानाच्या जनरेटरमधून उलटा करंट येतो, म्हणून ती तपासून आणि अर्थिंग करूनच हात लावायचा.

रस्ता खोदतानाही तीच काळजी हवी. जमिनीखाली कोणाची वाहिनी आहे ते आधी कळावे म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. ते कंत्राटदाराच्या फोनमध्ये असून भागत नाही. पहार चालवणाऱ्यापर्यंत ती माहिती पोचली पाहिजे.

कायदा काय म्हणतो? तेरा जुने कायदे एकत्र करून २०२० मध्ये केलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. धोकामुक्त जागा देणे हे तिने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे आणि नियुक्तिपत्रही सक्तीचे केले आहे. पण सर्वसाधारणपणे ती दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आणि कंत्राटी कामगारांचे प्रकरण पन्नासापासून पुढे. फायबरचे काम मात्र उपकंत्राटदाराच्या चार-पाच पोरांच्या टोळीकडे असते. अडीच लाख ग्रामपंचायतींना जोडण्याचे उद्दिष्ट ठेवून निघालेल्या देशाने ही पोरे आकड्याच्या अटीमुळे कायद्याबाहेर ठेवणे चूक आहे. मूळ कंपनीने निविदेतच गॅस मीटर, हार्नेस आणि विमा यांची अट घालावी आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत.

वाचकांनाही थोडे करता येईल. घरी जोडणीला मुलगा आला तर त्याची शिडी धरा, विजेच्या मीटरची खोली आणि गच्चीचा कठडा नसलेला भाग त्याला आधी दाखवा, पावसात खांबावर चढण्याचा आग्रह धरू नका. सोसायटीच्या आवारातले चेंबर गॅस मीटरशिवाय कोणी उघडून उतरत असेल, तर सचिवांनी ते काम तिथल्या तिथे थांबवावे.