विटेवरची नक्षी आणि चांदीचा भाव

धनत्रयोदशीला पनवेलच्या सराफाकडून लक्ष्मी कोरलेली चांदीची वीट घेताना आधी शुद्धतेचा आकडा पाहा. ९९९ म्हणजे ९९.९ टक्के; एमएमटीसी-पॅम्पच्या विटेवर ९९९.९ असतो. विटेवरचा क्रमांक आणि वजन पावतीवर लिहून घ्याच. खरेदीवर ३ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे लाखाला ३,००० रुपये. विकताना तो परत मिळत नाही. नक्षीसाठी, सुबक डबीसाठी मोजलेले जादा पैसेही बहुधा बुडतात, कारण मोड घेताना सराफ वजन आणि शुद्धताच धरतो. त्यामुळे निव्वळ गुंतवणूक करायची असेल, तर साधी वीटच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर, शिवाय उपकर लागतो.