हर्षद संख्या

ज्या धन पूर्णांकाला त्याच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, त्यास ‘हर्षद संख्या’ म्हणतात. उदा., १८ मधील अंकांची बेरीज ९ असून ९ हा १८ चा विभाजक आहे; १७२९ मधील अंकांची बेरीज १९ असून १७२९ = १९ × ९१. ‘आनंद देणारी’ या अर्थाची ही संज्ञा देवळाली (नासिक जिल्हा) येथील शाळाशिक्षक व गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी योजिली. आयव्हन निव्हेन या गणितज्ञांवरून या संख्यांना ‘निव्हेन संख्या’ असेही म्हणतात.

१ ते ९ या सर्व संख्या हर्षद आहेत. म्हणून २, ३, ५ व ७ या अविभाज्य संख्याही हर्षद ठरतात. याहून मोठी कोणतीही अविभाज्य संख्या हर्षद नसते. तिचे विभाजक १ व ती स्वतः एवढेच असतात. अंकांची बेरीज संख्येपेक्षा लहान असल्याने ती १ असावी लागेल; परंतु अशा १०, १००, १००० इ. संख्या संयुक्त आहेत.

अविभाज्यता हा संख्येचा अंगभूत गुण आहे. हर्षदत्व मात्र लेखनपद्धतीवर अवलंबून असते. दशमान पद्धतीत २७ हर्षद आहे; द्विमान पद्धतीत तीच संख्या ११०११ अशी लिहिली जाते व अंकांची बेरीज ४ येत असल्याने ती हर्षद राहत नाही. यामुळे हा विषय मुख्यतः मनोरंजक गणितात गणला जातो. तथापि त्यातून सखोल प्रश्नही उद्‌भवतात. दशमान पद्धतीत लागोपाठ २० पेक्षा अधिक हर्षद संख्या असू शकत नाहीत, हे कर्टिस कूपर व रॉबर्ट केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले.