खांदा दुखतोय, रिपोर्टमध्ये ‘टेअर’ लिहिलंय. ऑपरेशन करावंच लागतं का?

रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना खांद्यातून कळ जाते. बाम लावून होतो, गोळ्या घेऊन होतात, शेवटी एमआरआय निघतो आणि रिपोर्टमध्ये ‘सुप्रास्पायनॅटस टेअर’ असे शब्द दिसतात. टेअर म्हणजे फाटलं आणि फाटलं म्हणजे शिवायलाच हवं, असा सरळ हिशोब मनात होतो.

बऱ्याच जणांच्या बाबतीत हा हिशोब चुकतो. थोड्या लोकांच्या बाबतीत मात्र तो बरोबर असतो आणि त्यांनी वाट पाहत बसणं महागात पडतं. आपण यातल्या कुठल्या गटात आहोत, हे कसं ओळखायचं?

रोटेटर कफ म्हणजे नेमकं काय?

शाळेत आपण खांद्याला ‘उखळीचा सांधा’ म्हणून शिकलो. पण ही उखळ खोल नसते, बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात रुतून बसत नाही, नुसता टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. पण त्यामुळेच हा माथा जागेवर धरून ठेवणारं काहीतरी लागतं.

हे काम चार स्नायू करतात. ते पाठीवरच्या फऱ्याच्या हाडापासून निघतात आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, माथ्याभोवती एकत्र येऊन चिकटतात. शर्टाच्या बाहीला कफ असतो तसं. वरचा सुप्रास्पायनॅटस हात उचलायला मदत करतो, मागचे इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरीस मायनर हात बाहेर फिरवतात, पुढचा सबस्कॅप्युलॅरिस आत फिरवतो. खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू हात वर खेचत असताना हे चौघे माथ्याला बशीत दाबून धरतात.

वय वाढतं तशा या कंडरा झिजतात. सुरुवातीला नुसती झीज आणि दुखणं, मग अर्धवट चीर, आणि काहींच्या बाबतीत आरपार फाटणं, असे त्याचे प्रकार आहेत. चाळिशीच्या आत मार लागल्याशिवाय कंडरा आरपार फाटणं दुर्मीळ आहे.

निदान मशीनवर नाही, हातांनी सुरू होतं

चांगले डॉक्टर आधी शर्ट काढायला लावतात आणि दोन्ही खांदे शेजारी-शेजारी पाहतात. मग हात तुम्हाला उचलायला सांगतात, आणि नंतर तोच हात स्वतः उचलून बघतात. या दोन हालचालींतल्या फरकात बरंच काही कळतं.

तुम्हाला हात उचलता येत नाही, पण डॉक्टरांनी उचलला की तो पूर्ण वर जातो, तर संशय रोटेटर कफवर जातो. डॉक्टरांनी उचलूनही तो अडतो, विशेषतः कोपर कुशीला टेकवून हात बाहेर वळत नाही, तर तो बहुधा ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे आखडलेला खांदा असतो. मधुमेहींमध्ये हा जास्त दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. दुखणं मानेपासून कोपराच्या खाली उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर मूळ मानेत असू शकतं.

कफच्या दुखण्याची आणखी एक खूण आहे. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या टप्प्यात कळ येते, त्याच्या खाली-वर ती कमी असते. शिवाय हात ढकलायला लावून कुठला स्नायू कमजोर आहे, हेही तपासतात.

एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही, पण सांध्याची झीज किंवा साठलेलं कॅल्शियम दिसतं. सोनोग्राफी स्वस्त आहे आणि अनुभवी हातांत ती फाटलेली कंडरा चांगली दाखवते. एमआरआय लागतो तो मुख्यतः मार लागला असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा.

मग रिपोर्टमधल्या ‘टेअर’चं काय?

१९९५ साली अमेरिकेत खांद्याचं काहीही दुखणं नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले गेले. एकूण ३४ टक्के लोकांच्या आणि साठीच्या पुढच्या ५४ टक्के लोकांच्या कफमध्ये अर्धवट किंवा आरपार चीर सापडली. त्यांना तिचा पत्ताही नव्हता. म्हणून उतारवयातली चीर ही बऱ्याचदा पांढऱ्या केसांसारखी असते. ती असते, पण तुमचं आजचं दुखणं तिच्यामुळेच आहे असं नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही.

व्यायामाने फाटलेलं कसं बरं होईल?

व्यायामाने चीर शिवली जात नाही. पण उरलेले स्नायू आणि फऱ्याला आधार देणारे स्नायू बळकट झाले की माथा पुन्हा नीट धरला जातो आणि दुखणं कमी होतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मार न लागता कफ आरपार फाटलेल्या ४५२ जणांना फिजिओथेरपी दिली गेली. दोन वर्षांत त्यांच्यापैकी २५ टक्क्यांहून कमी लोकांनी ऑपरेशनचा पर्याय निवडला.

सुरुवात सोपी असते: वाकून हात लोंबता सोडून हळू झुलवणं, भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं. मग कोपर कुशीला टेकवून रबरी पट्टा बाहेर ताणणं. हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून निदान १२ आठवडे नियमित करावं लागतं. आठ दिवसांत सोडून दिलं तर ‘व्यायामाचा उपयोग झाला नाही’ असं म्हणता येणार नाही. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी शमलं तर हरकत नाही. वाढतच गेलं तर थांबून विचारायला हवं.

दुखण्यामुळे व्यायामच जमत नसेल तर स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. वारंवार इंजेक्शनं घेतल्याने कंडरा आणखी कमजोर होऊ शकते.

कफ आरपार फाटलेला नसताना, ‘जागा करण्यासाठी’ वरचं हाड दुर्बिणीने तासण्याचं ऑपरेशन अनेक वर्षं सर्रास होत असे. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत हाड तासलेल्यांना, नुसती दुर्बीण घालून काहीच न तासलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही.

कुणी थांबू नये?

पडल्यावर, झटका बसल्यावर किंवा खांदा निखळल्यावर हात अचानक उचलता येईनासा झाला, तर आठवडे वाया घालवू नका. अशी ताजी, मोठी चीर लवकर शिवली तर निकाल चांगला लागतो. उशीर झाला की कंडरा मागे सरकते, स्नायूत चरबी भरते आणि मग ती ओढून हाडापर्यंत आणणं अवघड होतं. चाळिशीनंतर खांदा निखळला असेल तर तो बसवल्यावरही कफ तपासून घ्यायला हवा. तीनेक महिने मनापासून व्यायाम करूनही दुखणं किंवा अशक्तपणा कायम असेल, तरीही ऑपरेशनचा विचार रास्त आहे.

हे ऑपरेशन बहुधा दुर्बिणीने होतं. हाडात छोटे अँकर बसवून कंडरा दोऱ्याने पुन्हा हाडाला बांधतात. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये राहतो आणि जड काम करायला सहा महिनेही लागू शकतात. वय जास्त, चीर मोठी, धूम्रपान किंवा मधुमेह असेल तर शिवलेलं पुन्हा फाटण्याची शक्यता वाढते.

खांद्याचं प्रत्येक दुखणं खांद्याचं नसतं, हेही लक्षात ठेवा. चालताना किंवा जिना चढताना डावा खांदा दुखतो, सोबत छाती भरून येते, घाम फुटतो, दम लागतो, अशा वेळी फिजिओथेरपिस्टकडे नाही, थेट हॉस्पिटलमध्ये जा. ताप आणि सुजलेला, गरम खांदा असेल तरही त्याच दिवशी दाखवा.

एरवी रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा चार प्रश्न विचारा. चीर अर्धवट आहे की आरपार? ती ताजी वाटते की जुनी? स्नायूत चरबी भरली आहे का? आणि मी तीन महिने व्यायाम केला तर माझं काही नुकसान होईल का? या उत्तरांवर पुढचं बरंच ठरतं. हातात वेळ असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायलाही काही हरकत नाही.