गाडीतला बेस : स्पीकर बदलण्याआधी बसवणी तपासा

साक्री हे धुळे-सुरत महामार्गावरचे गाव. गाडीची वायरिंग करणाऱ्या आपल्या तरुणांना स्पीकर बसवणीचा जोडधंदा येथे करता येण्यासारखा आहे. गिऱ्हाइकाची नेहमीची तक्रार म्हणजे ‘आवाज मोठा, पण बेस नाही.’ अशा वेळी महागडा स्पीकर गळ्यात मारण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली, जोडणी. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि बेस मारला जातो. सिस्टिमची वायर काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. प्लसला प्लस लागताच पडदा बाहेर आला पाहिजे.

दुसरी, दार. स्पीकरमागचा आवाज भोकांतून पुढे आला की बेस कटतो. भोके बुजवावीत, तळाची पाणी निघण्याची छिद्रे मात्र उघडीच ठेवावीत.

तिसरी, सबवूफरची जागा. 50 हर्ट्झची लहर सुमारे 7 मीटर लांब असते, त्यामुळे बेसची दिशा कानाला फारशी कळत नाही. म्हणून पेटी डिकीत चालते. तिचे तोंड फिरवून ऐकावे आणि मगच कसावी.

अॅम्प्लिफायरच्या वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवाच, नाहीतर शॉर्ट सर्किटने गाडी पेटू शकते.

फोमच्या पट्टीने काम भागत असेल तर तसे स्पष्ट सांगावे. हलाल कमाईत बरकत असते आणि गिऱ्हाईकही टिकते.