नाडीचा काच आणि पेशींचा निरोप

वडनेर (ता. हिंगणघाट) : कमरेला नाडीचा वळ नाही अशी पन्नाशीपुढची बाई आपल्या भागात शोधून सापडणे कठीण. पहाटे उठून परकराची नाडी ओढून गाठ मारायची, वर लुगडे नाहीतर साडी खोचायची, अन् दिवेलागणीपर्यंत वाकून काम करायचे. निंदण असो की कापसाची वेचणी, गाठ सैल राहिली तर लुगडे सुटते; म्हणून ती घट्टच. उन्हाळ्यात घाम, पावसाळ्यात ओला कपडा. त्या जागची कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, खाजते, सोलते. ‘काई नाई व, नाडीनं घासलं,’ एवढ्यावर विषय संपतो. तेलाचे बोट लावले जाते आणि नाडी पुन्हा तिथेच बांधली जाते.

बहुतेकींच्या बाबतीत ते खरोखरच तेवढेच असते. पण काहींच्या बाबतीत नसते, आणि हे आपल्याच जिल्ह्यातून जगापुढे गेले आहे. वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी मेडिकल कॉलेज येथील डॉक्टरांनी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पहिली सत्तर वर्षांची. उजव्या कुशीत दुखरी जखम, दीड वर्ष झाले तरी भरेना, भोवतालच्या कातडीचा रंग उडालेला. परकराची नाडी ती आयुष्यभर घट्ट बांधत आली होती. दुसरी साठी ओलांडलेली. ती परकर घालतच नव्हती. चाळीस वर्षे रोज नुसते लुगडे, कमरेला आवळून. तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासला तेव्हा कातडीचा कर्करोग निघाला. दुसरीच्या जांघेतल्या एका गाठीपर्यंत तो पोचलेलाही होता.

या प्रकाराला पूर्वी ‘साडी कॅन्सर’ म्हणत. डॉक्टरांचे म्हणणे असे, की दोष साडीचा नाही, गाठीच्या काचाचा आहे.

धोतरापासूनची हकिगत

ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 मध्ये एक निबंध लिहिला. आपल्या लोकांच्या नेहमीच्या सवयींतून कोणते कर्करोग होतात, हा त्याचा विषय. त्यात कमरेला घट्ट धोतर नेसणाऱ्या पुरुषांच्या कातडीवरचा कर्करोग होता. ‘धोती कॅन्सर’ हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात तेव्हापासून आहे. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्याचे भांडे, धरून बसणाऱ्यांच्या पोटावर अन् मांडीवर होणारा कर्करोग तर त्याहूनही आधीपासून माहीत आहे. जुन्या व्रणावर, भाजलेल्या जागेवर, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेवर उठणाऱ्या या रोगाला मार्जोलिन या फ्रेंच शस्त्रवैद्याचे नाव आहे. त्याने अशा जखमांचे वर्णन 1828 मध्ये केले होते.

बैल बाळगणाऱ्याला हे लवकर पटेल. बैलाच्या शिंगाचा कर्करोग पशुवैद्यांच्या चांगला ओळखीचा आहे, आणि दोराचे, जुवाचे सततचे घासणे हे त्याच्या कारणांपैकी एक असावे असे ते मानतात.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे (1917–2001) शिकल्या. 1949 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र त्यांनी अमेरिकेत शिकून मुंबईत आणले, आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात कर्करोगाच्या पेशींवर आयुष्य घालवले. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. रोग कमरेवर दिसला तरी त्याचे मूळ पेशीत शोधायचे, ही दिशा आपल्याकडे अशा माणसांनी घालून दिली. मग प्रश्न उरतो तो हा : नुसत्या घासण्याने पेशी बिथरते कशी?

पापुद्र्यातली चरबी

प्रत्येक पेशीभोवती चरबीचा दुपदरी पापुद्रा असतो. जाडी एका मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे, हे नुसते कुंपण आहे. 1953 मध्ये लोवेल आणि मेबेल होकिन या पतिपत्नीने दाखवले, की बाहेरून संदेश आला की या कुंपणातली एक विशिष्ट चरबी झपाट्याने तुटते आणि पुन्हा बनते. म्हणजे कुंपणच निरोप्याचे काम करते.

पुढे त्याची कळ सापडली. संदेश आला की त्या चरबीचा एक तुकडा कापला जातो. पापुद्र्यात जो भाग उरतो त्याला डायअसिलग्लिसरॉल म्हणतात. तो एका प्रथिनाला जागे करतो. हे प्रथिन, प्रोटीन कायनेज सी, जपानमधील कोबेच्या निशिझुका यांनी 1977 मध्ये शोधले. पेशीने वाढावे, दुभंगावे असे हुकूम आत पोचवण्यात त्याचा हात असतो. काम झाले की ती चरबी मोडली जाते आणि निरोप पुसला जातो. जखम भरते ती असल्याच हुकमांनी. हुकूम वेळेवर थांबतो, म्हणून कातडी पूर्ववत होते.

जमालगोट्याने उलगडलेले कोडे

हुकूम थांबलाच नाही तर काय होते, हे जमालगोट्याने शिकवले. जुलाबाचे जहाल औषध म्हणून जमालगोटा आपल्याला ठाऊक आहे. त्याचे तेल कातडीला लागले तर आग होते, फोड येतात. 1940 च्या दशकात इंग्लंडात ऑक्सफर्डच्या बेरेनब्लूम यांनी उंदरांच्या पाठीवर याचे प्रयोग केले. डांबरात सापडणाऱ्या कर्करोगकारक द्रव्याचा अगदी थोडा लेप दिला तर फारसे काही होत नसे. पण त्या जागेवर पुढे आठवड्यामागून आठवडे जमालगोट्याचे तेल लावत राहिले की गाठी उठत. म्हणजे काम दोन पायऱ्यांचे : आधी पेशीत एक खोट पडते, ती गप्प राहते, मग सततची चेतावणी त्या खोट पडलेल्या पेशीला वाढवत नेते.

तेलातले नेमके द्रव्य 1960 च्या दशकात वेगळे झाले. त्याला फोर्बोल एस्टर म्हणतात. 1982 मध्ये कळले, की हे द्रव्य पापुद्र्यातल्या त्या चरबीच्या जागी बसून त्याच प्रथिनाला जागे करते. फरक एवढाच, की शरीराची चरबी लवकर मोडते आणि हे द्रव्य मोडत नाही. मोटारपंपाचे बटण चालूच राहिले तर वाफा भरूनही पाणी वाहतच राहते, तसे.

नाडीचा काच म्हणजे जमालगोटा नव्हे. पण रोज सोलणारी आणि रोज भरू पाहणारी जखमही पेशींना वाढीचे निरोप देत राहते. वर्षानुवर्षे पेशी दुभंगत राहिल्या की नक्कल उतरवताना चुका साचतात. कधी निरोप पुसणारेच प्रथिन बिघडते. त्यातले एक, पीटेन, 1997 मध्ये सापडले. तेही पापुद्र्यातल्या चरबीवरच काम करते. मेलानोमा या कातडीच्या काळ्या कर्करोगात ते हरवलेले अनेकदा आढळते.

हळद, चीक आणि बिब्बा

आपल्या शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जखमेवर हळद दाबणे आपल्या रक्तातच आहे. 1988 मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात हळदीतले कर्क्युमिन उंदराच्या कातडीवर लावले, तेव्हा जमालगोट्यातल्या द्रव्याने उठणाऱ्या गाठी कमी झाल्या. हळदीचा मान त्याने वाढला, हे मान्य. पण तो उंदीर होता, द्रव्य शुद्ध होते, आणि गाठी उठण्याआधीच ते लावले होते. झालेला कर्करोग हळदीने जात नाही. हळद भरून महिने काढले तर तेवढे महिने रोगाच्या पदरात पडतात.

चिकाचे तर त्याहून वाईट. जमालगोटा एरंडाच्या कुळातला. त्याच कुळातल्या एका तणाच्या चिकातले, हेच प्रथिन चेतवणारे द्रव्य घेऊन कातडीवर लावायचे औषध तयार झाले. सूर्यप्रकाशाने बिघडलेल्या कातडीसाठी अमेरिकेत 2012 मध्ये त्याला परवानगी मिळाली. ते लावलेल्या जागी कातडीचा कर्करोग जास्त दिसू लागला म्हणून 2020 मध्ये युरोपात ते बंद झाले. शुद्ध करून, मोजून दिलेल्या औषधाची ही गत; मग शेराचा चीक, रुईचा चीक, बिब्बा उघड्या जखमेवर लावणे म्हणजे आगीत तेल.

तपासणीत कमर येत नाही

तीस वर्षांपुढच्या बायकांच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड हे तीन कर्करोग पाहतात. कमर त्यात नाही. म्हणजे बाईने आपणहून दाखवले नाही तर कोणी पाहणार नाही. आणि कमर उघडी करून दाखवायची म्हणजे लाज; मजुरी बुडते ती वेगळीच. घरातल्या सुनेने, लेकीने, आशाताईने एकदा विचारावे : ‘आत्याबाई, कमरेचं ते भरलं का हो?’ एवढे विचारले तरी पुष्कळ आहे.

जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, कडा टणक अन् उंच झाल्या, हात लागला की रक्त येते, वास येतो, जांघेत गाठ लागते, यातले एकही असेल तर आधी वडनेरचे ग्रामीण रुग्णालय, तिथून सांगतील तसे सेवाग्राम किंवा सावंगी. जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही भीती मनातून काढून टाकावी. तो काढल्याशिवाय रोग कोणता हेच कळत नाही. वेळेत सापडला तर बहुधा तेवढा भाग कापून काढला की भागते. जांघेत उतरला की ऑपरेशन मोठे होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, तेव्हा जाताना रेशनकार्ड अन् आधारकार्ड सोबत असू द्यावे.

आणि ज्यांना अजून काही झाले नाही त्यांच्यासाठी उपाय फुकटचा आहे. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी शिवून घ्यावी. गाठ रोज एकाच जागी न बांधता सरकवावी. घरी आल्यावर, निदान रात्री, ती सैल करावी. कातडी सोललेली असेल तर भरेपर्यंत गाऊन किंवा सैल कपडा घालावा, आणि सासूने त्यावर नाक मुरडू नये. धोतर, करदोडा अन् पट्टा आवळणाऱ्या पुरुषांनीही आपली कमर एकदा आरशात पाहून घ्यावी.