रात्री गोठ्याशी कोण येऊन गेलं?

सकाळी गोठ्याकडे जावं तर ओल्या मातीत पंजाचा ठसा! वस्तीवरचं कुत्रं भुंकून भुंकून दमलेलं, शेळ्या एका कोपऱ्यात दाटीने उभ्या. कुणी म्हणतं बिबट्या, कुणी म्हणतं तरस, आणि सासूबाई म्हणतात, "अगं, कोल्हा असेल!" जुना नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, इथल्या अकोले, संगमनेर, राहुरीकडच्या ऊसपट्ट्यातील मैत्रिणींना हे नवं नाही. पहाटेची धार, शेणगोठा, शेळ्या-कोंबड्या हे सारं बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर असतं. तेव्हा रात्री कोण येऊन गेलं हे कळण्याची गरजही तिलाच अधिक.

त्यासाठी आता ट्रॅप कॅमेरे बाजारात मिळतात. किमती काही हजारांपासून सुरू होतात. मिक्सर घेताना आपण चार दुकानं फिरतो, मग इथेही थोडी चौकशी हवीच, नाही का?

हा कॅमेरा करतो काय?

नावात 'ट्रॅप' असलं तरी हा सापळा नव्हे. डब्याएवढा कॅमेरा पट्ट्याने झाडाला किंवा खांबाला बांधून ठेवायचा. भोवतालच्या हवेपेक्षा गरम अंगाचं काही समोरून हललं की त्यातला सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. त्यावर तारीख आणि वेळ उमटते. अंधारात तो अवरक्त प्रकाश वापरतो, म्हणून रात्रीचे फोटो काळे-पांढरे येतात.

कल्पना तशी जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून वाघाकडूनच वाघाचा फोटो काढवला होता. पुढे १९९० च्या दशकात डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात कॅमेरे लावून, अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून मोजले.

अकोल्याने शिकवलेलं

पण जंगल नसलेल्या ठिकाणी काय? डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील ऊसशेतीच्या भागात असे कॅमेरे लावले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा त्या भागात, दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे आणि जवळपास तितकीच तरसं असल्याचं आढळलं. बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचाच ३९ टक्के! म्हणजे बिबट्या अंगणाशी येतो तो बहुधा कुत्र्यासाठी, उघड्यावरच्या शेळीसाठी. हे कळलं की बंदोबस्त कशाचा करायचा तेही कळतं.

निवडताना काय पाहाल?

आधी स्वतःला विचारा, मला नेमकं काय जाणून घ्यायचंय? येणारं जनावर कोणतं आणि किती वाजता येतं, एवढंच हवं असेल तर साधा कॅमेरा पुरे.

दुकानदार मेगापिक्सेलचे मोठे आकडे सांगेल. त्यांना भुलू नका. हालचाल टिपल्यापासून किती वेळात फोटो निघतो ते विचारा. अर्ध्या सेकंदाच्या आत निघायला हवा, नाहीतर नुसती शेपटी हाती लागते.

रात्रीच्या प्रकाशाचे दोन प्रकार असतात. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश लांब पोचतो, पण दिव्यांची लालसर चमक दिसते. ९४० चा दिसत नाही, म्हणून चोराच्याही लक्षात येत नाही. पण तो तितका लांब जात नाही. गोठ्याजवळ दुसरा बरा.

सिम कार्डाचा कॅमेरा फोटो थेट मोबाइलवर पाठवतो. मात्र वस्तीवर रेंज हवी, रिचार्जचा खर्च वेगळा आणि सेलही लवकर संपतात. साध्या कॅमेऱ्याला बहुधा पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल घेतलेत तर दर महिन्याची कटकट वाचते. झाकणाची रबरी कड कुकरच्या रिंगसारखी घट्ट बसते ना, हे उघडून-लावून पाहा. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

कुठे आणि कसा बांधाल?

बांधावरची पायवाट, उसातली फट, पाटाची कड, गोठ्याकडे येणारी वाट या जागा चांगल्या. जमिनीपासून दीड फूट उंच, वाटेपासून दहा-बारा फुटांवर बांधा. तोंड उत्तरेकडे ठेवा, म्हणजे उगवतीचा-मावळतीचा सूर्य समोर येत नाही. पुढचं गवत आणि हलणारी उसाची पानं छाटा, नाहीतर पाचटाचेच शेकडो फोटो निघतील. बांधून झाल्यावर घरातल्या पोराला समोरून रांगायला सांगा, चाचणीही होते आणि करमणूकही! एप्रिल-मेच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा सेन्सर चुकू शकतो. कॅमेरा स्वतःच्या जमिनीतच बांधा. वनजमिनीवर लावायला परवानगी लागते. आणि फोटोच्या हौसेने मांसाचं आमिष मुळीच ठेवू नका.

बाईच्या वाटेवर कॅमेरा नको

हे मात्र आपणच ठामपणे सांगायला हवं. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात शौचाला बसलेल्या एका स्त्रीचा फोटो निघाला आणि तो गावात मोबाइलवरून फिरला. तिथल्या बायका लाकूडफाटा गोळा करताना मोठ्याने बोलत, गाणी म्हणत, म्हणजे जनावर दूर राहतं. कॅमेऱ्याच्या धास्तीने त्या गप्प राहू लागल्या आणि धोका वाढला! म्हणून शौचाच्या, अंघोळीच्या, पाणवठ्याच्या वाटेवर कॅमेरा नको. ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांकडेही तोंड नको. कुठे बांधलाय हे शेजारणींना सांगावं, आणि कार्ड घरातल्या बाईनेच पाहावं.

फोटो आला, आता पुढे?

आधी शांत व्हा. पाच फोटो म्हणजे पाच बिबटे नव्हेत. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके निराळे असतात. तेच जनावर पाचदा गेलेलं असू शकतं. फोटो गावभर पाठवून घबराट करू नका, वनविभागाला कळवा. त्यांचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. शेळी मारली गेली असेल तर ती जागेवरून हलवू नका आणि लगेच खबर द्या. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

"पिंजरा लावून नेऊन सोडा," असं सर्रास म्हटलं जातं. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याला २००९ साली माळशेज घाटात सोडलं, तर तो शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला! नेऊन सोडल्याने प्रश्न नुसता दुसऱ्याच्या दारी जातो. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी. जिल्ह्यात अलीकडे असे जीवघेणे हल्ले झाले आहेत. तिथे घटकाभरही न थांबता वनविभागाला बोलवावं.

ऊसतोडीत बछडे सापडले तर हाताळू नका, काम थांबवून कळवा. वनविभागाचे लोक ते त्याच जागी ठेवतात. रात्री आई येऊन तोंडात धरून नेते, आणि ते पाहण्यासाठीही हेच कॅमेरे लावतात.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. शेळ्यांच्या गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आणि वरून छप्पर हवं. मटण-कोंबडीची घाण उकिरड्यावर टाकू नये. दिवेलागणीनंतर मुलांना एकटं बाहेर सोडू नये. रात्री बाहेर जाताना दोघी मिळून, टॉर्च घेऊन, बोलत जावं.

आणि एक सोपी सवय. दुधाचा हिशेब मांडतो तसाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या फोटोची वेळ आणि जनावर लिहून ठेवा. महिन्याभरात त्याच्या येण्याच्या वेळा कळतील. मग भांडी घासणं, शेळ्या आत घेणं ही कामं त्याआधी अर्धा तास उरकायची, म्हणजे झालं!