विमानाचे छायाचित्र कसे घ्यावे?

चाकूरच्या आकाशातून उंचावर जाणारे प्रवासी विमान बहुधा दहा किलोमीटर उंचीवर असते. एअरबस ३२० ची लांबी सुमारे ३७.५ मीटर. डोक्यावरून जाताना ३०० मिलिमीटरच्या भिंगाने ते टिपले, तर ३६ मिलिमीटर रुंद चौकटीत त्याची प्रतिमा जेमतेम १.१ मिलिमीटर उमटते. म्हणजे तिळाहूनही लहान! म्हणून अशा वेळी मी विमानाऐवजी त्यामागची पांढरी रेघ टिपतो. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ तेथील कडाक्याच्या थंडीत गोठून ती रेघ तयार होते.

विमान जवळून उडत असेल, तर त्याच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवीत राहावे. जेटसाठी शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवावा. पंख्याच्या विमानाला मात्र हाच वेग दिला, तर पंखा थांबलेला दिसतो आणि विमान आकाशात टांगल्यासारखे वाटते. तेथे १/१२५ ते १/२५० पुरे. आकाशाच्या उजेडाने प्रकाशमापक फसतो व विमान काळे पडते, म्हणून एक स्टॉप प्रकाश वाढवावा. जमिनीवरील विमान सकाळीच टिपावे. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा थरथरते आणि चित्र अस्पष्ट येते.

उदगीरच्या पलीकडे बीदरला वायुदलाचा तळ आहे. १९९६ साली स्थापन झालेले ‘सूर्यकिरण’ पथक तेथलेच. नऊ विमानांची त्यांची रचना पाहून कोणाचाही हात कॅमेऱ्याकडे जाईल. परंतु लष्करी तळाचे चित्रण निषिद्ध आहे. त्यासाठी जाहीर प्रात्यक्षिकांचीच वाट पाहावी. एका चित्रापायी देशाच्या सुरक्षिततेला बाध येऊ नये आणि आपला छंदही संशयास्पद ठरू नये, असे मला वाटते.